बहात्तर पायऱ्या

"काका, गुडघा कुठे बघतोय?"

"सरळ," मिस्त्री म्हणाले.

"सरळ कुठला! आत बघतोय, चोरासारखा. त्याला सांगा, पायाच्या दुसऱ्या बोटावर नजर ठेव म्हणावं."

फिजिओ पोरगी एवढीशी, पण आवाज असा की हॉलमधल्या बाराच्या बारा खुर्च्या सावरून बसाव्यात. प्रत्येक वाक्य वर चढवत न्यायची आणि शेवटच्या शब्दाला सोडून द्यायची. "हाSSत छातीवर, पाSSय खांद्याइतके लांब, आणि उठाSS... अहो, खुर्चीला धरू नका, ती कुठे पळून जात नाही!"

मिस्त्री खुर्चीतून उठले. हात न लावता. उजव्या गुडघ्यात कुणी पहार घातल्यासारखं झालं, पण चेहरा असा की बँकेत रांगेत उभे आहेत.

या गुडघ्यांवर त्यांनी एकेचाळीस वर्षं काढली होती. फरशी बसवणाऱ्या माणसाला जग घोट्यापर्यंतच दिसतं. दोन्ही गुडघे टेकलेले, तोंड खाली, एका हातात थापी, दुसऱ्या हातात रबरी हातोडा. माणसं येतात जातात ती चपलांवरून ओळखायची. या हॉलमध्ये पहिल्या दिवशी आले तेव्हाही त्यांनी आधी जमीन पाहिली, मग माणसं. दारापासून तिसऱ्या ओळीतली एक फरशी काठीच्या टोकाने ठोकली आणि म्हणाले, "ही पोकळ आहे. खाली माल कमी पडलाय."

"फरशी नंतर बघू, काका," फिजिओ म्हणाली. "आधी तुमची मांडी बघू. ती जास्त पोकळ आहे."

सगळे हसले होते. मिस्त्रीही हसले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बहात्तर पायऱ्या चढता येतील का?"

"बारा आठवडे. आठवड्यातून दोनदा इथे आणि रोज घरी. आश्वासन देत नाही, पण मन लावून केलं तर बरेच जण चढतात."

"बारा आठवडे," मिस्त्री म्हणाले. खोलीच्या मापाचा अंदाज घ्यावा तसे.

बहात्तर पायऱ्या म्हणजे त्यांच्याच इमारतीचा जिना. अठरा चोक बहात्तर. तळमजल्यावर मिस्त्री आणि बायको, चौथ्या मजल्यावर दादा आणि वहिनी. लिफ्ट नाही. या जिन्याची फरशी दोघा भावांनी मिळून बसवलेली, म्हणून तर घरं इथे घेतली. दादा खोलीत पहिली फरशी बसवायचा, कोपऱ्यातली, दोरी लावून. मग दोघे मागे मागे सरकत दारापर्यंत यायचे आणि उंबऱ्याजवळची शेवटची फरशी धाकट्याने बसवायची. तसा काही नियम नव्हता, पण तसंच व्हायचं. दादा बाहेर उभा राहून तंबाखू मळत ओरडायचा, "झालं का रे? का तिथेच राहतोस?"

तो दादा आठ महिन्यांपासून अंथरुणावर होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मिस्त्रींनी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. दवाखान्यातून त्याला परत आणलं त्या दिवशी मिस्त्री खालच्या खोलीत दार लावून बसले होते, आणि त्यानंतर दादा वर आणि ते खाली. फोनचा उपयोग नव्हता. वहिनीने एकदा त्याच्या कानाला फोन लावला तर तो घाबरून रडायला लागला.

"गुडघ्यांमुळे जाता येत नाही हो," मिस्त्रींची बायको सगळ्यांना सांगायची. "जीव तुटतो त्यांचा, पण करणार काय?"

हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि ते एकट्या मिस्त्रींना ठाऊक होतं.

*

प्रत्येक व्यायाम झाला की फिजिओ वही घेऊन फिरायची. "शून्य म्हणजे काही दुखत नाही. दहा म्हणजे जीव जाईल असं. आकडा सांगा. पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलात तर मी व्यायाम कमी करणार. लाजू नका, आकड्याला इथे बक्षीस नाही."

"साडेसहा," शेजारच्या खुर्चीतले कंडक्टर ओरडायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आवाज अजून मागच्या दारापर्यंत पोचणारा. "पुढच्या स्टॉपला सात! चला, आत सरका, दारात उभे राहू नका!"

"मिस्त्री काका?"

"दोन."

"आज पण दोन? शाबास!"

पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या आठवड्यात कपडा पायाखाली घेऊन पाय मागे सरकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हाही दोन. फिजिओ वहीत लिहायची आणि लाकडी पायरीखाली आणखी एक फळी सरकवायची. दोन असेल तर उंची वाढवायची, हा तिचा हिशेब. बरोबरच होता तो. आकडा बरोबर असता तर.

मिस्त्रींना खोटं बोलायची हौस नव्हती. ती धंद्याची सवय होती. दर सोमवारी ठेकेदार साइटवर यायचा, पान चघळत, पोट पुढे काढून. "काय मिस्त्री, गुडघे काय म्हणतायत?" त्याला उत्तर एकच. "मस्त." एकदा एक जण म्हणाला होता, "जरा ठणकतायत." ठेकेदार म्हणाला, "अरेरे. काळजी घे हां." आणि पुढच्या सोमवारी त्याच्या जागी दुसराच गुडघे टेकून बसला होता. मग चाळीस जणांत कुणाचाच गुडघा कधी दुखला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे भिंतीला धरून उठायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

मिस्त्रीही एकेचाळीस वर्षं "मस्त" म्हणत राहिले. एका शाळेचा व्हरांडा चालू होता. दुपारी त्यांना उठताच येईना. दादाने काखेत हात घालून उचललं, भिंतीला टेकवून उभं केलं. संध्याकाळी ठेकेदार आला. "काय मिस्त्री, गुडघे?"

"मस्त."

आणि मागून दादा म्हणाला, "खोटं बोलतोय. गेलेत त्याचे. त्याला आता बोलावू नका."

पुढच्या सोमवारी मिस्त्री घरी होते. दादा त्यानंतर वर्षभर कामावर जात राहिला, कुठल्यातरी नव्या जोडीदाराबरोबर.

ते वर्ष मिस्त्रींनी खुर्चीत बसून काढलं. वर जायचं नाव नाही. कुणी विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायचे. "चौथा मजला आता झेपत नाही." खरं म्हणजे तेव्हा झेपला असता. कठडा धरून, दर मजल्यावर दम घेऊन, कुरकुरत, पण झेपला असता. गुडघा हे निमित्त होतं. दादा रोज सकाळी सातला खाली उतरायचा. तळमजल्याच्या दारासमोर आला की चपलांचा आवाज थांबायचा. मग खाकरणं. एकदा, दोनदा.

"अहो, दादा आहेत बाहेर," बायको कुजबुजायची.

"असू दे. जिना सगळ्यांचा आहे."

"दार उघडू?"

"त्याला हात नाहीत का? वाजवेल."

दादा वाजवायचा नाही. तो थोरला. आणि धाकटा उघडायचा नाही, तो दुखावलेला. थोड्या वेळाने चपला पुढे जायच्या. वर्षभर हेच चाललं. मग दादाचंही काम सुटलं आणि तो सकाळचा उतरेनासा झाला. इकडे मिस्त्रींचे गुडघे बसून बसून असे आखडले की निमित्त म्हणून धरलेलं दुखणं कायमचं मुक्कामाला आलं. एके दिवशी ते खरोखरच तीन पायऱ्यांवर अडले, आणि त्यांना हसू की रडू कळेना.

त्यानंतर दादाला झटका आला.

आता त्यांना एकदाच वर जायचं होतं. दादाच्या खाटेशी बसायचं होतं आणि सांगायचं होतं की पहिलं वर्ष गुडघा नव्हता, राग होता, आणि तो केव्हाच संपला. दादाला कळेल न कळेल, तो पुढचा प्रश्न. हा निरोप बायकोजवळ देण्यासारखा नव्हता. ती तर तीन वर्षं गुडघ्यांची वकिली करत फिरत होती.

*

पाचव्या आठवड्यात बायको वरून आली ती दारातच बसली. रोज वर जाऊन यायची आणि वहिनीचा आवाज जसाच्या तसा काढून दाखवायची, सुस्कारे धरून. आज आवाज काढला नाही.

"पुतण्या नेतोय दादांना. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. वहिनींना एकटीला उचलवत नाही म्हणे."

"कुठे नेतोय?"

"त्याच्याकडे. गाडीने दहा तास लागतात."

मिस्त्रींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तो रविवार दहाव्या आठवड्याचा शेवट होता. दोन आठवडे कमी पडत होते.

कमी पडले तर भरून काढायचे, हे त्यांना येत होतं. साइटवर असंच करायचे. दुपारी जेवून इमारत झोपली की ते जिन्यावर जायचे. अठरा वर, अठरा खाली. खाली आल्यावर थोडं थांबून पुन्हा अठरा. घरी आले की गुडघ्यावर बर्फाची पिशवी, वर चादर, चादरीवर वर्तमानपत्र.

"आकडा किती?" बायको विचारायची.

"दोन."

"कुणाचे दोन? तुमचे की त्या पोरीच्या वहीतले?"

"तू तुझं काम बघ."

"बघतेच आहे. बर्फ कोण करतंय?"

सातव्या आठवड्यात हॉलमधली पायरी तीन फळ्यांची झाली. नवव्या आठवड्यात गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं, फरशी चुकीच्या जागी तुटते तसं. मिस्त्रींनी दात आवळले. दोन.

दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी त्यांची पँट गुडघ्यावरून वर सरकेना. फिजिओने ती कशीबशी वर केली आणि तिचा चढा आवाज एकदम खाली आला. गुडघा कलिंगडासारखा झाला होता. तिने अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. मिस्त्रींनी आवाज केला नाही. फक्त कपाळावरून घाम ओघळला.

"काका. खरा आकडा सांगा."

हॉलमधल्या खुर्च्या वळल्या.

"नऊ," मिस्त्री म्हणाले.

"आणि आधी?"

"आठ. तिसऱ्या आठवड्यापासून."

ती मटकन लाकडी पायरीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी तुमच्या आकड्यावर फळ्या वाढवत गेले, काका. तुमच्या दोनावर."

"मला घाई होती. रविवारी जातायत ते."

"कोण?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. म्हणजे दादाचं, चौथ्या मजल्याचं. पहिल्या वर्षाचं सोडून. ती ऐकत राहिली, पेन बंद करत, उघडत.

"पहिल्या दिवशी हे सांगितलं असतंत, आणि आकडे खरे दिले असतेत, तर एव्हाना तुम्ही वर पोचला असतात," ती म्हणाली. "हळू, पण पोचला असतात. आता दोन आठवडे जिना बंद. मग खालच्या फळीपासून सुरुवात."

मिस्त्री काठी घेऊन बाहेर पडले तर कंडक्टर मागोमाग. "ओ मिस्त्री! ऐका. माझे दोन पोरगे आहेत, नुसते खातात. शेजारचे दोघे घेतो. खुर्चीत बसवतो तुम्हाला आणि थेट चौथा मजला. मध्ये कुठे थांबा नाही."

"मी काय कपाट आहे?"

"कपाट बरं. ते उलट बोलत नाही."

"नको," मिस्त्री म्हणाले. "माझ्या पायांनी जाईन नाहीतर राहीन."

"राहाल मग," कंडक्टर म्हणाले, आणि या वेळी विनोद केला नाही.

*

शनिवारी दुपारी मिस्त्री जिन्याला लागले. बायको एक पायरी मागे, पडले तर धरायला, जणू ती त्यांना धरू शकणार होती. चांगला पाय वर, दुखरा त्याच्याजवळ. चांगला पाय वर, दुखरा त्याच्याजवळ. पहिला मजला. फिजिओने शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत. दुसऱ्या मजल्यावर पोचायला तेवीस मिनिटं लागली. त्याच्यापुढे पाच पायऱ्या, आणि सहाव्या पायरीला गुडघ्याने नकार दिला. दुखला वगैरे नाही, सरळ वाकेनासा झाला. मिस्त्री कठड्याला धरून हळूहळू खाली बसले.

वरून आवाज येत होते. खोकी ओढल्याचे, वहिनीच्या बांगड्यांचे. आणि एक आवाज, "आंSS... आंSS", मध्येच तुटणारा, पुन्हा सुरू होणारा.

"हा दादा?"

"हो. सकाळपासून असंच चाललंय. सामान हलवलेलं आवडत नाही त्यांना."

फोनवरचं ते रडणं सोडलं तर आठ महिन्यांत पहिल्यांदा ऐकलेला आवाज तो. मिस्त्रींनी वर पाहिलं. जिन्याच्या मधल्या फटीतून चौथ्या मजल्याचा कठडा दिसत होता, त्यावर वाळत घातलेला एक पंचा.

"मी वर जाऊन सांगू, तुम्ही इथवर आलात म्हणून?"

"काय सांगणार? अर्ध्यात बसलाय?"

"अहो, मग कंडक्टरना फोन करते. अजून दिवस आहे."

"नको."

"उद्या जाणार हो ते!"

"नको म्हटलं ना!"

आवाज जिन्यात घुमला. वरचं "आंSS" थांबलं. मिस्त्री कान देऊन बसले. मग पुन्हा खोकं ओढल्याचा आवाज आला, आणि दुसरं काही नाही.

उतरताना उभं राहता येईना. ते बसल्या बसल्या उतरले, रांगती पोरं उतरतात तसे, एकेका पायरीवर बूड टेकत. पहिल्या मजल्यावरचा शेजारी नेमका दार उघडून बाहेर आला.

"काय मिस्त्री, काय शोधताय?"

"फटी बघतोय," मिस्त्री म्हणाले आणि पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "भरायला झाल्यात."

"हो का? बरं झालं बघितलंत."

बायको तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली.

*

रविवारी सकाळी ते दारात खुर्ची टाकून बसले होते. दार उघडं. सव्वाआठला वरून गलका सुरू झाला. "वळव... वळव... अरे डोकं सांभाळ! तू खालून घे. थांब, थांब, हात आला कठड्यात." चौघे जण खुर्ची उतरवत होते. दादाला चादरीने खुर्चीला बांधलं होतं.

तो इतका लहान झाला असेल असं मिस्त्रींना वाटलं नव्हतं. त्यांच्या मनातला दादा सिमेंटची गोणी एका खांद्यावर टाकून जिना चढणारा होता. या माणसाच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये दोन माना मावल्या असत्या. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. डोळे उघडे.

मिस्त्री काठीवर उठले. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं. तोंडातून आलं ते असं:

"उंबऱ्याला पायरी आहे. सांभाळून."

"दिसतंय, काका. जरा बाजूला व्हा."

बाजूला झाले. खुर्ची हातभर अंतरावरून गेली, औषधाचा आणि पावडरीचा वास आला, आणि दार रिकामं झालं. बाहेर गाडीचं दार सरकल्याचा आवाज आला तसे मिस्त्री काठी टेकत निघाले. बायको म्हणाली, "अहो, सावकाश!" त्यांनी ऐकलं नाही.

दादाला मागच्या सीटवर बसवलं होतं. पुतण्या पट्टा लावत होता. गाडीत चढायची पायरी उंच होती, मिस्त्रींनी पाय उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग ते रस्त्यावरच उभे राहिले, दाराच्या चौकटीला धरून.

"दादा," ते म्हणाले. "पहिलं वर्ष गुडघा नव्हता. येता आलं असतं मला. मी आलो नाही."

वहिनी पिशवी घेऊन मागेच उभी होती. पुतण्याचा हात पट्ट्यावर थांबला.

दादाचा डावा, चांगला हात मांडीवरून उठला आणि त्याने चौकटीवरचा मिस्त्रींचा हात पकडला. घट्ट. थापी धरून धरून झालेले घट्टे अजून तिथे होते. मिस्त्रींनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे त्यांच्यावर होते. किंवा त्यांच्या मागे इमारतीची भिंत होती, तिच्यावर.

"दादा, ऐकतोयस ना?"

हात आणखी आवळला.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी रोज सांगायचे त्यांना. म्हटलं, रागावू नका भाऊजींवर, गुडघे गेलेत हो त्यांचे. रोज सांगायचे." तिचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"काका, निघायला हवं," पुतण्या म्हणाला. "दहा तासांचा रस्ता आहे."

मिस्त्रींनी हात ओढला नाही. ओढून सुटलाही नसता. मग पुतण्यानेच वाकून दादाची बोटं सोडवायला घेतली, करंगळीपासून, एकेक. "सोडा बाबा. सोडा बरं. काय आहे काका, काहीही हाताला लागलं की धरतात ते आता. काल टॉवेल धरला होता, तासभर सोडला नाही."

शेवटचं बोट सुटलं. दार सरकलं. काचेतून दादाचा गाल दिसला, ओघळलेल्या बाजूचा. गाडी मागे आली, पुढे गेली, कोपऱ्यावर एका सायकलवाल्यासाठी थांबली आणि वळली.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने मघाचं सगळं ऐकलं होतं. तिने हाताला धरलं नाही.

"त्याने ओळखलं का गं मला?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं.

"मला नाही सांगता येत हो," ती म्हणाली. "आत चला. पाय सुजलाय."